टीव्हीवरचे न्यायालय: पैसे भरतो कोण आणि हरतो कोण?

दुपारचा_प्रेक्षक (धागाकर्ता)

अमेरिकेत दुपारी टीव्ही लावला की कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर न्यायालय भरलेले दिसते. उंच आसनावर काळा झगा घातलेला न्यायाधीश, बाजूला गणवेशातला बेलिफ (न्यायालयातला शिस्त राखणारा कर्मचारी), समोर दोन टेबलांमागे उभे असलेले वादी-प्रतिवादी आणि त्यांच्यात अडकलेले काहीशे किंवा काही हजार डॉलर, असा एकूण थाट असतो. मैत्रिणीला गाडीच्या दुरुस्तीसाठी दिलेले पैसे उसने होते की भेट होती, भाडेकरूने भिंतीला पाडलेली भोके ही नेहमीची झीज की नुकसान, एकाच्या कुत्र्याने दुसऱ्याच्या कुत्र्याला घेतलेल्या चाव्याचे बिल कोणी भरायचे, असे हे वाद. दहा-पंधरा मिनिटांत निकाल लागतो, हरलेला माणूस बाहेर येऊन कॅमेऱ्यासमोर न्यायाधीशाला नावे ठेवतो आणि पुढचा खटला पुकारला जातो.

यातला सर्वांत गाजलेला ‘जज ज्युडी’ हा कार्यक्रम १९९६ पासून २०२१ पर्यंत २५ पर्वे चालला, आणि पुनःप्रक्षेपणामुळे तो संपल्याचे अनेकांच्या लक्षातही आलेले नाही. सुरुवातीलाच माणसे खरी, खटले खरे आणि निकाल अंतिम असे खणखणीत आवाजात सांगितले जाते. परंतु निकालाची रक्कम हरलेला पक्ष देत नाही, ती निर्मात्यांनी बाजूला काढलेल्या निधीतून दिली जाते, हे कळल्यापासून मला एक प्रश्न पडला आहे. हरणाऱ्याच्या खिशाला तोशीसच लागत नसेल, तर तिथे नेमके काय घडते? माझे मत असे की रक्कम हे निमित्त असून चारचौघांत होणारी खरडपट्टी हाच खरा निकाल असतो. मग ती सोसायला माणसे आपण होऊन का येतात? जाणकारांनी लिहावे.

कलम_खोडणारा

वकिलीच्या निमित्ताने या विषयाशी संबंध येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. टीव्हीवर दिसते ते न्यायालय नसून लवाद आहे. दोन्ही पक्ष चित्रीकरणापूर्वी एका करारावर सही करतात. मूळ न्यायालयात दाखल असलेला दावा मागे घ्यायचा आणि त्याऐवजी कार्यक्रमातील लवादाचा निर्णय बंधनकारक मानायचा, असा त्याचा गाभा असतो. अमेरिकेत १९२५ पासून लवादविषयक संघीय कायदा आहे आणि तेथील न्यायालये अशा करारांचा सहसा मान राखतात, त्यामुळे झगा आणि हातोडा हे नेपथ्य असले तरी निर्णय मात्र पोकळ नसतो. त्यावर नेहमीसारखे अपीलही होत नाही. लवादाने पक्षपात केला, फसवणूक झाली किंवा लवादाने आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडली, अशा मोजक्या कारणांवरच तो रद्द होऊ शकतो.

मर्यादा ओलांडल्याचे उदाहरणही आहे. ‘जज ज्युडी’समोर आलेल्या एका वादात करार होता फक्त वस्तूंच्या मालकीबाबत. न्यायाधीशबाईंनी त्याच्या जोडीला मुलांचा ताबा आणि भेटीचे हक्क यांवरही निर्णय देऊन टाकला. पुढे न्यूयॉर्कच्या कुटुंब न्यायालयाने तेवढा भाग रद्द केला, कारण तो विषय पक्षांनी लवादाकडे सोपवलेलाच नव्हता. आसनावर बसलेल्या व्यक्तीला करारापलीकडे काडीचाही अधिकार नसतो, हे प्रेक्षकाला पडद्यावर कधीच दिसत नाही.

आळसावलेली_मांजर

या कार्यक्रमात दाव्याची कमाल मर्यादा ५,००० डॉलर होती आणि न्यायाधीशबाईंचे वार्षिक मानधन ४ कोटी ७० लाख डॉलर असल्याचे वर्तमानपत्रांत छापून येत असे. म्हणजे एका वर्षाच्या मानधनात ९,४०० वादींचे पूर्ण दावे फेडता आले असते. खटला कोण जिंकले, हा प्रश्न माझ्यापुरता निकाली निघाला आहे.

जुनी_तबकडी

‘जज ज्युडी’ म्हणजेच ज्युडी शाइंडलिन यांच्यापासूनच सुरुवात करणे योग्य नव्हे. या प्रकाराला आजचे रूप दिले ते ‘द पीपल्स कोर्ट’ने. लॉस एंजेलिसच्या सुपीरियर कोर्टातून निवृत्त झालेले जोसेफ वॉपनर १९८१ ते १९९३ अशी बारा वर्षे त्या आसनावर बसले. ते क्वचितच आवाज चढवत. दोन्ही बाजू ऐकून घेत, कागद मागत, मग उठून आत जात आणि थोड्या वेळाने येऊन निकाल सांगत. आज हे पाहताना संथ वाटेल, परंतु त्या संथपणातच प्रेक्षकाला स्वतःचे मत बनवायला वेळ मिळे. घरात बसून ‘आता हा नक्की हरणार’ असे म्हणण्याची गंमत त्यात होती.

ते किती लोकप्रिय होते याचा एक पुरावा देतो. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने १९८९ मध्ये केलेल्या जनमत चाचणीत ५४ टक्के लोकांना वॉपनर यांचे नाव सांगता आले, आणि देशाचे सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट यांचे नाव सांगता आले ते ९ टक्क्यांना.

पुढे १९९७ मध्ये हा कार्यक्रम पुन्हा सुरू झाला तेव्हा न्यूयॉर्कचे माजी महापौर एड कॉच त्या आसनावर आले. ज्युडी शाइंडलिन यांना १९८२ मध्ये खऱ्या न्यायाधीशपदावर नेमणारे महापौर हेच, आणि कॉच यांच्यानंतर आसनावर आले ते ज्युडीबाईंचे यजमान जेरी शाइंडलिन. घरचेच कार्य म्हणायचे. २००१ पासून २०२३ मध्ये कार्यक्रम बंद होईपर्यंत मेरिलिन मिलियन यांनी तो चालवला. त्या पूर्वी मायामीत न्यायाधीश होत्या.

सडेतोड

धागाकर्त्यांनी ‘खरडपट्टी’ हा शब्द वापरला आहे तो मला एकतर्फी वाटतो. ज्युडीबाई न्यूयॉर्कच्या कुटुंब न्यायालयात होत्या तेव्हापासूनच त्यांची ख्याती तडकाफडकी बोलणाऱ्या न्यायाधीश अशी होती, आणि १९९३ मध्ये त्यांच्यावर वर्तमानपत्रात व टीव्हीवर लेखन-वार्तांकन झाले तेही त्यासाठीच. टीव्हीने तो स्वभाव निर्माण केलेला नाही. त्यांच्यासमोर येणारा प्रतिवादी बऱ्याचदा उसने पैसे बुडवणारा, वर ‘माझ्याकडे तेव्हा नव्हते’ असे ऐटीत सांगणारा असतो. त्याला कोणी तरी स्पष्ट शब्दांत सुनावणे आवश्यकच असते, आणि खऱ्या न्यायालयात ते सुनावले जात नाही म्हणूनच लोकांना हा कार्यक्रम आवडतो.

शिवाय त्यांची एक पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्या आधी प्रतिवाद्याचा लेखी जबाब वाचतात आणि मग त्याला विचारतात ते रकमेबद्दल नव्हे, तर तारखांबद्दल. पैसे कधी घेतले, नोकरी कधी सुटली, नवी गाडी कधी आली. तीन तारखा ओळीने लागल्या की पुढचे काही विचारावे लागत नाही. आरडाओरडा लक्षात राहतो, पण काम करतात त्या तारखा.

निवांत_वाचन

सडेतोड यांच्याशी आदरपूर्वक असहमत. तारखांचा मुद्दा बरोबर आहे, परंतु त्या तारखा शांतपणेही विचारता येतात; वॉपनर तेच करत. मला खटकते ती गोष्ट वेगळी आहे. तिथे येणारे बहुतेक लोक तुटपुंज्या मिळकतीचे असतात. पाचशे डॉलरसाठी जो माणूस विमानाने दुसऱ्या शहरात जायला तयार होतो, त्याची निकड उघड आहे. त्याच्या व्याकरणावर, कपड्यांवर, तो उभा कसा राहतो यावर शेरे मारले की प्रेक्षक हसतात. यातले काहीच दाव्याशी संबंधित नसते. खरा न्यायाधीश असे बोलला तर त्याच्याविरुद्ध न्यायिक वर्तनाबद्दल तक्रार करता येते. लवादाच्या बाबतीत तसा मार्ग नाही, कारण अपमानाचा धोका पक्षांनी सहीनिशी पत्करलेला असतो.

सडेतोड

हसणाऱ्या प्रेक्षकांबद्दल म्हणाल तर ते मानधन घेऊन बसलेले असतात. हसणे हे त्यांचे काम आहे.

आळसावलेली_मांजर

म्हणजे त्या दालनात एकही माणूस फुकट आलेला नाही. वादीला मानधन, प्रतिवादीला मानधन, बाकांवरच्यांना मानधन. फुकट पाहणारे आपण तेवढे.

वायव्येची_वाट

बेलिफ पेट्री हॉकिन्स बर्ड यांच्याविषयी कोणीच काही लिहिले नाही म्हणून लिहिते. ते न्यूयॉर्कच्या न्यायालयात खरोखर कर्मचारी होते आणि ज्युडीबाईंच्या हाताखाली त्यांनी काम केले होते. कार्यक्रम सुरू होणार असे कळल्यावर त्यांनी अभिनंदनाचे पत्र पाठवले आणि त्यातून त्यांची निवड झाली. कागद एका टेबलावरून दुसरीकडे नेणे, मधूनच हातातल्या शब्दकोड्याकडे पाहणे आणि अगदी मोजकी मान डोलावणे, एवढ्या भांडवलावर त्या माणसाने २५ वर्षे काढली. कित्येकदा खटल्यापेक्षा त्यांचा चेहरा पाहणे अधिक उद्बोधक असे.

चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत होई आणि मधल्या दृश्यांत मात्र न्यूयॉर्क दाखवत, हेही नमूद करते.

शंकेखोर

सर्व खटले खरे असतात यावर विश्वास ठेवणे मला जड जाते. याआधी ‘डिव्होर्स कोर्ट’ नावाचा कार्यक्रम १९५७ पासून चालत असे आणि त्यात सरळसरळ नट-नट्या घटस्फोटाचे खटले वठवत. तोच प्रकार नव्या नावाने चालू असेल तर?

कलम_खोडणारा

शंकेखोर, ‘डिव्होर्स कोर्ट’बाबत आपले म्हणणे बरोबर आहे, परंतु त्या कार्यक्रमातही १९९९ पासून खरी जोडपी येऊ लागली. इथेही घटस्फोट टीव्हीवर मिळत नाही, तो खऱ्या न्यायालयाकडूनच घ्यावा लागतो. टीव्हीवर फार तर देण्याघेण्याचा हिशोब मिटतो.

पूर्ण बनाव होण्याचा धोका मात्र वेगळ्या बाजूने येतो. २०१३ मध्ये एक प्रकरण बाहेर आले होते. काही कलाकार मित्रांनी मिळून, अंगावर टीव्ही पडून मांजर मेल्याचा खोटा वाद रचला, ‘जज ज्युडी’त जाऊन तो गंभीर चेहऱ्याने लढवला आणि मिळालेले पैसे आपसांत वाटून घेतले. निर्मात्यांनी नट आणले नव्हते, पक्षकारांनीच निर्मात्यांना बनवले. हरणारा पैसे भरत नाही या एका नियमामुळे असे संगनमत शक्य होते. खऱ्या न्यायालयात दोन मित्रांनी एकमेकांवर खोटा दावा लावून काय मिळवायचे? पैसा याच्या खिशातून त्याच्या खिशात जाईल, आणि वर न्यायालयाचे शुल्क जाईल.

आळसावलेली_मांजर

माझ्या जातबांधवाच्या नावावर इतरांनी पैसे वाटून घेतले याचा मी तीव्र निषेध करते.

अनामत_रक्कम

हा धागा वाचून लिहिण्यावाचून राहवले नाही, कारण मी कॅलिफोर्नियात या दारापर्यंत जाऊन आले आहे.

घर सोडल्यावर घरमालकाने अनामत रक्कम परत केली नाही. तेथील कायद्यानुसार घर रिकामे केल्यापासून २१ दिवसांत रक्कम परत करावी लागते, किंवा कापलेल्या पैशांचा तपशीलवार हिशोब द्यावा लागतो. दोन्ही मिळाले नाही. आधी रीतसर मागणीपत्र पाठवले आणि मग स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या न्यायालयात, दावा लावला. त्यानंतर काही दिवसांनी मला एक पत्र आले. एका टीव्ही कार्यक्रमाच्या निर्मात्यांकडून ते होते: आपला दावा आम्ही पाहिला, तो आमच्या कार्यक्रमात मांडण्यास आपण इच्छुक आहात का, प्रवास व राहण्याचा खर्च आमचा. न्यायालयातील दाव्यांची नोंद सार्वजनिक असते आणि ही मंडळी ती चाळून पत्रे पाठवतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. तसेच पत्र घरमालकालाही गेले असणार. माझ्या स्वभावात ते बसणारे नव्हते, म्हणून मी उत्तर दिले नाही.

प्रत्यक्ष न्यायालयात जे पाहिले ते टीव्हीपेक्षा पार निराळे होते. त्या न्यायालयात कॅलिफोर्नियात वकील उभा करता येत नाही. आसनावर न्यायाधीश होते की तात्पुरते नेमलेले वकील, हे नावाच्या पाटीवरून समजले. ते तात्पुरते होते आणि त्याला आमची संमती आहे का असे आधी विचारले गेले. घरमालक सांगू लागला की रंगाऱ्याने त्याला असे असे सांगितले. टीव्ही पाहून मला वाटत होते की ‘ऐकीव गोष्टी चालणार नाहीत’ असे फर्मान आता सुटेल. तसे काहीच झाले नाही. स्मॉल क्लेम्समध्ये पुराव्याचे नियम सैल असतात, त्यांनी ते ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की रंगाऱ्याचे बिल कुठे आहे. बिल नव्हते. आम्हां दोघांना मिळून फार तर दहा मिनिटे मिळाली असतील. निकाल तिथे सांगितलाही नाही, तो टपालाने आला.

निकाल माझ्या बाजूने लागला आणि खरी कथा तिथून पुढे आहे. न्यायालय तुम्हांला पैसे वसूल करून देत नाही. तो कागद घेऊन तुम्हीच अंमलबजावणीचा अर्ज करायचा, त्याचे शुल्क भरायचे आणि शेरिफच्या कार्यालयाकडून समोरच्याच्या बँक खात्यावर टाच आणायची. त्यासाठी खाते कोणत्या बँकेत आहे हे तुम्हांला माहीत हवे. माझ्या कामी आला तो मी पूर्वी दिलेला भाड्याचा धनादेश. वटलेल्या धनादेशाच्या मागच्या बाजूचे चित्र बँकेच्या संकेतस्थळावर उघडले आणि तो कोणत्या बँकेत भरला गेला हे त्यावरच्या शिक्क्यात दिसले. पैसे अखेर मिळाले, परंतु निकालानंतर कितीतरी महिन्यांनी.

धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे माझ्या परीने उत्तर असे: वादी टीव्हीवर जातो तो न्यायासाठी नव्हे, वसुलीसाठी. निकाल लागला की रक्कम निश्चित मिळते, समोरच्याच्या मागे धावावे लागत नाही.

निवांत_वाचन

अनामत_रक्कम, फार उपयुक्त माहिती दिलीत. तो धनादेशाच्या मागच्या शिक्क्याचा उपाय कोणा कायदेतज्ज्ञाच्या पुस्तिकेतही सहज सापडणार नाही.

कलम_खोडणारा

वसुलीचा मुद्दा अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. त्यात प्रतिवादीची बाजू जोडतो. खऱ्या न्यायालयात हरल्यास कॅलिफोर्नियात तो हुकूमनामा दहा वर्षे जिवंत राहतो आणि त्याचे नूतनीकरणही होते. पगारातून कपात होऊ शकते, खात्यावर टाच येऊ शकते. टीव्हीवर हरल्यास यातले काहीच मागे लागत नाही. मूळ दावा मागे घेतलेला असतो, रक्कम निर्माता भरतो, वर हजेरीचे मानधन आणि प्रवास. म्हणून ज्याची बाजू लंगडी आहे त्याने कार्यक्रमात जाणे हा शहाणपणाचा निर्णय ठरतो. ज्याची बाजू भक्कम आहे त्या प्रतिवाद्याला मात्र तिथे जाण्याचे फारसे कारण नाही. याचा परिणाम असा की पडद्यावर आपल्याला उर्मट आणि उघड चुकलेले प्रतिवादी प्रमाणाबाहेर दिसतात आणि सडेतोड यांच्यासारख्या प्रेक्षकांचे मत बनते की सगळेच तसे असतात.

सडेतोड

माझ्यासारख्या प्रेक्षकांचे मत बनते ते पडद्यावर जे दिसते त्यावरून, हे मान्य. पण लंगडी बाजू असलेला माणूस स्वतःहून तिथे येत असेल, तर त्याच्या अपमानाची एवढी काळजी निवांत_वाचन यांनी का करावी? त्याने सौदा केला आहे. रक्कम वाचवली, त्या बदल्यात चार शब्द ऐकले.

निवांत_वाचन

सौदा दोघांना सारखाच माहीत असेल तर तक्रार नाही. मात्र वादी खरा असूनही त्याला तेवढेच ऐकावे लागते, हे आपण विसरता. ‘प्रियकराला उसने पैसे दिलेच कशाला’ हे वाक्य जिंकणाऱ्या मुलीलाच ऐकवले जाते. तिने कोणती रक्कम वाचवली?

पुनरागमन

विषयाला धरून एक भर घालतो. तीन जणांच्या पीठाचा ‘हॉट बेंच’ हा कार्यक्रम २०१४ मध्ये आला, कल्पना ज्युडीबाईंचीच. त्यात तिघे आतल्या खोलीत जाऊन आपसांत चर्चा करतात आणि ती प्रेक्षकांना दाखवतात. एकाला पुरावा पुरेसा वाटतो, दुसऱ्याला वाटत नाही, तिसरा रक्कम कमी करायला सांगतो. निकालापर्यंत कसे पोहोचतात हे कळते, म्हणून मला तो या सर्वांत सरस वाटतो. तेथे ओरडा कमी आहे, कदाचित म्हणूनच चर्चाही कमी होते.

आपल्याकडे किरण बेदींचा ‘आप की कचहरी’ २००८ मध्ये स्टार प्लसवर आला होता, तोही याच घराण्यातला. त्यात भर समेटावर असे.

जुनी_तबकडी

वर मी १९८९ ची चाचणी सांगितली, तिची पुढची आवृत्तीही आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जवळपास १० टक्के पदवीधरांना ज्युडी शाइंडलिन या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश आहेत असे वाटत होते. हसू येते खरे, पण अनामत_रक्कम यांनाही न्यायालयात ‘ऐकीव गोष्टी चालणार नाहीत’ हे फर्मान अपेक्षित होते, ते याच शिकवणीतून.

दुपारचा_प्रेक्षक

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर मला पटले: वादीला वसुली मिळते, प्रतिवादीला सुटका मिळते आणि निर्मात्याला लेखक, नट यांच्याविना तासाभराचा मजकूर स्वस्तात मिळतो. परंतु मानहानी हाच खरा निकाल, हे माझे मत मी मागे घेत नाही. रक्कम निर्माता भरतो म्हणजे हरणाऱ्याच्या वाट्याला तेवढी एकच गोष्ट उरते. बाहेरच्या मुलाखतीत तो जे तावातावाने बोलतो ते पैशांबद्दल कधीच नसते, ‘त्यांनी मला बोलूच दिले नाही’ याबद्दल असते. पुढच्या वेळी कोणी पाहिलेत तर तेवढे जरूर लक्ष देऊन ऐका.

शंकेखोर

एक व्यावहारिक प्रश्न. माझ्या परिचयातील एका गृहस्थांना अनामत_रक्कम यांच्यासारखेच पत्र आले आहे आणि ते जाण्याच्या विचारात आहेत. त्यांनी काय पाहावे?

कलम_खोडणारा

कराराची प्रत आधी मागवून घरी वाचावी, स्टुडिओत पोहोचल्यावर नव्हे. मूळ दावा पुन्हा दाखल करण्याचा हक्क ते सोडत आहेत का, दाव्याची रक्कम कार्यक्रमाच्या मर्यादेत बसते का, प्रतिदावा आला तर तो कसा धरणार, आणि चित्रीकरण प्रक्षेपित झाले नाही तरी पैसे मिळणार का, ही चार कलमे शोधावीत. मूळ दाव्याची तारीख जवळ आली असेल तर ती चुकवू नये. वादी गैरहजर राहिला तर दावा तिथेच निकाली निघू शकतो, आणि टीव्हीवाल्यांनी नंतर नकार दिला तर हाती काहीच राहत नाही.

अनामत_रक्कम

आणि मूळ पावत्या कोणाच्याही हाती देऊ नयेत, छायाप्रती द्याव्यात.